तिरकिटमधला र

झाकीरभाई गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, डिसेंबर 2024 मधला तो सोमवार, मी डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने निघाले होते आणि लेडीज डब्यात चार-पाच जणींच्या मोबाईलवर एकाच वेळी त्यांचाच तबला वाजत होता. वेगवेगळे तुकडे, एकमेकांवर चढलेले. माझ्या बाजूच्या काकू म्हणाल्या, "काय हात हो पळतात माणसाचे." मी हो म्हटलं आणि मग घाटकोपरपर्यंत एक शब्द बोलू शकले नाही, कारण माझा तबला आईकडे माळ्यावर पडून होता, गोणपाटात बांधलेला, 24 वर्षं.

दहाव्या वर्षी शिकायला लागले होते आणि सतराव्या वर्षी सोडला. बारावी, मग इंजिनियरिंग, मग नोकरी, लग्न, मुलगी, हे सगळ्यांचं असतं तसंच. सोडला तेव्हा गांधर्व महाविद्यालयाच्या तबल्याच्या परीक्षा मध्यमा प्रथमपर्यंत झाल्या होत्या. आमच्या क्लासमध्ये मी एकटी मुलगी, बाकी बारा मुलगे. आजी म्हणायची पोरीच्या जातीला पेटी शोभते, तबला कशाला. तेव्हा बाबांनी कुठूनतरी पेपरातला तबलावादक डॉ. आबान मिस्त्रींचा फोटो कापून आणला होता आणि माझ्या टेबलावर चिकटवला होता, साडी नेसून तबल्यावर बसलेल्या. आजी परत काही बोलली नाही. तो फोटो आता नाहीये, पण त्याच्यामुळे मी ती सात वर्षं टिकले एवढं नक्की.

तर त्या आठवड्यातल्या शनिवारी माळ्यावरून तबला-डग्गा काढला. डग्गा बरा होता. तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, एका बाजूने उडाली होती, 'ना' हा बोल, म्हणजे तबल्यावरचं अक्षर, वाजवला की झर्र असा आवाज, म्हणजे पत्र्याच्या डब्यात वाळू हलवल्यासारखा. कल्याणला एक जण पुडी, म्हणजे तबल्याचं वरचं कातडं, बदलून देतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पट्टीत ठेवू?" म्हणजे कुठल्या स्वरात. काळी एक, म्हटलं, पेटीवरची पहिली काळी पट्टी. साडेपाच इंची तोंड आहे, छान बोलेल म्हणाले. मग दोन तास मी तिथे स्टुलावर बसून बघत होते, जुनी वादी, म्हणजे पुडी आवळणारी चामड्याची पट्टी, सोडवली, नवीन पुडी लाकडी खोडावर बसवली, वादी ओढताना माणूस पायाने खोड दाबून मागे झुकतो आणि अख्ख्या अंगाचं वजन टाकतो, मग वादीखालचे लाकडी गट्टे सरकवले, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हातोडी, एक एक घर फिरत सोळा घरं, प्रत्येक घराला बोटाने ना वाजवून ऐकायचं. सगळ्या सोळा ठिकाणी तोच स्वर आला पाहिजे. एक घर काही केल्या चढत नव्हतं तर ते दहा मिनिटं त्या एकाच घरापाशी थांबले. मी मनात म्हटलं, रियाज हाच.

शाईबद्दल एक गोष्ट मला मोठेपणीच कळली आणि ती इतकी भारी आहे की इथे सांगतेच. साध्या ढोलाच्या कातड्यावर काठी मारली की जे स्वर निघतात ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून तो 'धम्म' येतो, सूर येत नाही. तबल्यावर मधोमध शाईचा जड थर असतो, लोखंडाची पूड आणि खळ वगैरे घालून घासून घासून बसवलेला, आणि त्या वजनामुळे कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत येऊन बसतात, तारेच्या वाद्यासारखे. हे सी. व्ही. रामन यांनी शोधून 1920 साली 'नेचर'मध्ये छापलं. म्हणजे ज्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या नुसत्या कानाने हे जमवलं त्यांचं काम काय ताकदीचं असेल बघा. आणि माझ्या तबल्याची शाई उडाली होती म्हणजे नेमकं हेच बिघडलं होतं.

आता मुद्द्यावर येते. तिरकिट.

नवीन सर मिळाले, घराजवळच, सत्तरीच्या आसपासचे. पहिल्या दिवशी म्हणाले काय येतं ते वाजव. मी लहानपणीचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, वाजवला, सगळ्यांना येतो तोच, धा धा तिरकिट धा धा तू ना, ता ता तिरकिट धा धा धी ना. ठाय म्हणजे संथ, मग दुगुन म्हणजे दुप्पट, आणि हात जरा गरम झाल्यावर 90 च्या लयीत, म्हणजे मिनिटाला 90 मात्रा, दुगुन. मला वाटलं बरं वाजलं. 24 वर्षांनी इतकं येतंय म्हणजे चांगलंच की. सर काही बोलले नाहीत, मोबाईल काढला, म्हणाले परत वाजव, रेकॉर्ड केलं आणि मग तेच निम्म्या स्पीडने लावलं.

तिरकिट नव्हतंच तिथे. 'त्रकिट' होतं. ति आणि र एकमेकांना चिकटलेले, मग एक पोकळी, मग कि उशिरा धावत आलेला, मग ट. चार अक्षरांमधलं एक अक्षर जवळजवळ गायब. मी ते तीनदा ऐकलं. माझ्या हातून हे वाजतंय आणि माझ्या कानांना ते कळत नाही, हे मला फार लागलं, खरं सांगते. परीक्षांमध्ये पहिला वर्ग होता माझा.

ज्यांना तबला माहीत नाही त्यांच्यासाठी, तिरकिट हा बंद बोल आहे, म्हणजे आवाज घुमत नाही, बोट कातड्यावरच थांबतं. आमच्याकडे शिकवतात तसं, ति म्हणजे उजव्या हाताची मधली आणि अनामिका मिळून शाईवर, र म्हणजे तर्जनी शाईवर, कि म्हणजे डावा पंजा डग्ग्यावर सपाट, आणि ट म्हणजे परत मधली-अनामिका. दिसायला काहीच नाही. घराण्याघराण्यात बोटं थोडी वेगळी पडतात. पण चारही अक्षरं एकसारखी, सारख्या अंतरावर, सारख्या वजनाची यायला पाहिजेत, आणि तर्जनी एकटी असल्यामुळे र नेहमी कच्चा राहतो, त्याच्याआधी दोन बोटांचा ति येऊन गेलेला असतो ना.

मला वाटलं सर आता बोटांचा काहीतरी व्यायाम देतील. ते म्हणाले, "अगं, तू बोलून दाखव आधी."

मी बोलले. धा धा तिरकिट धा धा तू ना.

"परत. हळू."

परत बोलले. आणि मग ते म्हणाले, तू तिर्-किट् म्हणतेयस. दोन अक्षरं म्हणतेयस. चार वाजणार कशी?

हे इतकं सोपं आहे आणि मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नसेल. आपण मराठी माणसं तिरकिट हा शब्द वाचतो तसाच उच्चारतो ना, र चा अ खाऊन, ट चा अ खाऊन. करवत, सरबत, तिरकस, सगळे शब्द आपण असेच बोलतो. तिर्, किट्. तोंडाला दोन टप्प्यांची सवय आणि हाताने चार टप्पे वाजवायचे, मग हात तोंडाचंच ऐकतो. र आणि ट ला जिभेवर स्वतःची जागाच नाही तर बोटात कुठून येणार. सर म्हणाले तेरेकेटे म्हण. ते, रे, के, टे. जुने लोक असंही म्हणतात, चारही अक्षरांना स्वर, एकही गिळता येत नाही. हळू लयीत तेरेकेटे म्हणायचं, लय वाढली की ते आपोआप तिरकिट होतं पण तोपर्यंत चार खोल्या तयार झालेल्या असतात.

पहिले तीन आठवडे मला तबल्याला हात लावायची परवानगी नव्हती. फक्त पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, हाताने टाळी आणि खाली (टाळी न देता हात मोकळा सोडणं) दाखवत. तीनतालाच्या सोळा मात्रांमध्ये एकवर टाळी, पाचवर टाळी, नववर खाली, तेरावर टाळी, आणि तोंडाने तेरेकेटे. मी वैतागले होते, इतका खर्च करून पुडी बदलली आणि तबला कोपऱ्यात झाकून ठेवलेला. पण ऐकलं सरांचं. लोकलमध्ये म्हणायचे, खिडकी मिळाली तर खिडकीकडे तोंड करून, पुटपुटत, उजव्या हाताची बोटं पर्सवर. ठाण्यापर्यंत बराबरीत, म्हणजे एकपट लयीत, पुढे दुगुन. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण विचारायची, जप करतेस का? मी हो म्हणायचे, आता ते खरंच तसंच वाटायला लागलं होतं. तबलावादक पं. सुरेश तळवलकरांच्या कार्यक्रमात पढंत ऐकलीय मी, तिथे अक्षरं अशी स्वच्छ येतात की तबला अजून वाजायचा असतो आणि आपल्याला तो ऐकू आलेला असतो. तेव्हा वाटायचं ही सादरीकरणाची पद्धत आहे. आता कळतंय की सगळं तिथेच ठरतं, तबल्यावर फक्त ते उतरतं.

मग तबल्यावर बसले. लय 40. लेहऱ्याचं, म्हणजे तालाबरोबर परत परत वाजणाऱ्या धुनेचं, ॲप आहे मोबाईलवर, चंद्रकंसचा लेहरा, सारंगीवर, तो 40 ला लावला की इतका संथ होतो की सुरुवातीला झोप यायची. हिशोब सांगते म्हणजे कळेल. 40 ला एक मात्रा दीड सेकंदाची. कायद्यात तिर एका मात्रेत, किट दुसऱ्या मात्रेत, म्हणजे तिरकिटच्या चार अक्षरांना पूर्ण तीन सेकंद. सोळा मात्रांचं आवर्तन 24 सेकंदांचं. अर्धा तास बसलं की 75 आवर्तनं आणि प्रत्येक आवर्तनात दोन तिरकिट, म्हणजे 150. रोज 150 तिरकिट, दीडशेच्या दीडशे ऐकायची, एकही निसटू द्यायचं नाही, हे सरांनी दिलेलं काम. हात अजिबात थकत नाही. डोकं थकतं. वीस मिनिटांनी लक्षात यायचं की मागची दहा आवर्तनं मी ऐकलीच नाहीयेत, उद्याच्या डब्याचा विचार करत होते, आणि हात आपले वाजवत बसले होते. असं झालं की ती दहा मोजायची नाहीत. परत.

आणि हळू लयीत सगळं उघडं पडतं हो. फास्टमध्ये काहीही खपून जातं, हात पळतोय एवढंच दिसतं, ऐकणाऱ्याला आणि स्वतःलाही. 40 च्या लयीत ति आणि र यांच्यामध्ये पाऊण सेकंद असतं, तिथे लपायला जागा नाही. मला कळलं की माझा डावा पंजा कि झाल्यावर चांगला वीतभर वर उडतो आणि म्हणून पुढच्या वेळी उशिरा येतो. लहानपणी मुलांमध्ये वाजवायचे ना, आवाज मोठा आला पाहिजे म्हणून हात उचलून मारायची सवय लागली होती. तो पंजा कातड्यापासून बोटभर अंतरावर ठेवायला दोन महिने गेले. नुसत्या पंज्याला.

खालच्या मजल्यावर एक आजारी काका आहेत, त्यांना साडेआठला झोप लागते आणि मला ऑफिसमधून येऊन स्वयंपाक उरकून वेळ मिळतो तो नऊला. तेव्हा दोन्ही पुड्यांवर जुन्या सुती ओढणीची घडी टाकून वाजवायला लागले. आधी वाईट वाटायचं, इतका गोड बोलणारा तबला आणि त्याचं तोंड बांधायचं. धा आणि ना तर मरूनच जातात, कारण ना मध्ये सगळी मजा त्या गुंजेची असते, अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकवायची आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, जरा जास्त दाबली की ना गेला. ओढणीखाली यातलं काही उरत नाही. पण तिरकिटला गुंज लागतच नाही! उलट घुमारा गेल्यामुळे नुसता बोटांचा टक टक आवाज राहतो आणि चार टकमधलं अंतर अगदी नागडं ऐकू येतं. आता मी मुद्दाम बंद बोलांचा रियाज ओढणीवर करते आणि खुले बोल रविवारी सकाळी, ओढणी काढून, तेव्हा काका पण जागे असतात आणि त्यांनीच मागे निरोप पाठवला होता की रविवारचा आवाज आवडतो.

माझी लेक नऊ वर्षांची आहे, ती शेजारी बसून गृहपाठ करते. तिला कुणी काही शिकवलेलं नाही. सुरुवातीला ती मध्येच म्हणायची, "आई, तिकिट आलं." म्हणजे र खाल्ला. मी मान वर करून बघायचे तर ती वहीतच बघत असायची. मग ते 'तिकिट' कमी कमी होत गेलं, आणि एका रात्री अर्ध्या तासात ती एकदाही बोलली नाही. मी ओढणी घडी करत होते तेव्हा म्हणाली, "आज सगळे आले." मला रडू आलं. एप्रिल चालू होता, म्हणजे सुरू केल्यापासून साडेतीन महिने, एका अक्षरासाठी. मला ते अजिबात जास्त वाटत नाहीत.

त्यानंतर लय वाढवायला सुरुवात केली, आठवड्याला दोन, फक्त दोन. 40, 42, 44. मधल्या पावसाळ्यात सगळंच बसलं, हवेतला ओलावा कातडं पिऊन घेतं आणि पुडी सैल पडते, जुलैमध्ये माझा तबला रोज संध्याकाळी पट्टीच्या खाली उतरलेला असायचा आणि डग्गा तर ओल्या पोत्यासारखा. रोज पाच मिनिटं हातोडी. पण मी आता ती पाच मिनिटं पण रियाजातच धरते, कारण सोळा घरं कानाने मिळवताना जे ऐकणं लागतं तेच पुढे वाजवताना लागतं. लहानपणी माझा तबला सर लावून द्यायचे, मी कधी हातोडी हातात घेतलीच नव्हती. मुलांना पहिल्या वर्षापासून तबला लावायला शिकवलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत झालंय, परीक्षेत आहे म्हणून शेवटी शेवटी नाही, आधीच.

ऐकणं बदललंय हे सगळ्यात मोठं. मी अहमदजान थिरकवा खाँसाहेबांची जुनी रेकॉर्डिंग्स आधीही ऐकली होती, मोठं नाव आहे, आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते म्हणून घरात कौतुकाने नाव निघायचं, पण खरं सांगायचं तर मला तेव्हा ती खरखर आणि त्यामागे काहीतरी चाललेलं एवढंच कळायचं. परवा रात्री हेडफोन लावून ऐकत होते. त्या खरखरीमागून एक तिरकिट आलं, मग दुसरं, मग पाठोपाठ ओळ, आणि प्रत्येकात चार अक्षरं होती. लय माझ्या कितीतरी पट. एकही अक्षर दुसऱ्याला चिकटलेलं नाही, एकही जास्त जोरात नाही, मोत्याची माळ म्हणतात ते हेच असणार. मी तेच दीड मिनिट दहा-बारा वेळा ऐकलं. ते काय वाजवत होते ते सगळं मला अजूनही समजलं नाही, पण र ऐकू आला. सगळे र ऐकू आले.

माझ्यासारखे खूप जण आहेत हे मला माहीत आहे, शाळेत चार-पाच परीक्षा दिल्या आणि वाद्य माळ्यावर गेलं. मला लोक विचारतात आता चाळिशीत कशाला, कार्यक्रम करणार आहेस का. नाही करणार. माझ्या नऊ ते साडेनऊमध्ये मी जितकी जागी असते तितकी दिवसभरात कधीच नसते, हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही आणि प्रयत्नही करत नाही. चाळीस दिवसांचे चिल्ले, म्हणजे सलग रियाज, करणारी मोठी माणसं वेगळी, ती दिवसाचे कितीतरी तास बसायची. माझ्याकडे अर्धा तास आहे. तो मी कुणाला देत नाही, सासूबाईंना पण आता पाठ झालंय, नऊ वाजले की त्या टीव्हीचा आवाज कमी करतात.

सध्या 72 वर दुगुन आहे. 90 च्या त्या पहिल्या दिवसापासून अजून खूप लांब, पण ते 90 खोटं होतं. आणि पलटे, म्हणजे कायद्याच्याच बोलांची उलटापालट, सुरू झालेत. पहिला सरळच होता, धा धा तिरकिट धा धा तिरकिट, धा धा तिरकिट धा धा तू ना. दुसऱ्यात धा तिरकिट धा तिरकिट धा धा. यात प्रत्येक तिरकिटच्या आधी धा असतो, दोन्ही हात एकदम पडतात, त्याच्यावर टेकून पुढे जाता येतं. काल सरांनी तिसरा दिला. तिरकिट तिरकिट धा धा तिरकिट, धा धा तिरकिट धा धा तू ना. समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ति. टेकायला काही नाही, पहिल्या मात्रेला थेट दोन बोटं शाईवर आणि लगेच र. मी लोकलमध्ये आज सकाळी मुलुंडपर्यंत म्हणून पाहिला, दर वेळी समेवर तोंड अडखळतंय, जीभ आधी एक धा शोधते. लय परत 40 वर आणलीय. तबल्याला अजून हात लावलेला नाही.